शेपूट त्याचं, मेहनत माझी

मी बोलतोय तो एक जनुक, उंदराचं रक्त गोठवणाऱ्या मंडळींतला. इकडेतिकडे बघू नका, तुम्हाला दिसणार नाही मी. या पांढऱ्या उंदराच्या अंगात जवळजवळ सगळीकडे मी आहे, अगदी मिशीच्या मुळाशीसुद्धा. पण तिथे मला कुणी काम सांगत नाही. डोळ्यात बसून जग बघतो, कानात बसून चहाड्या ऐकतो. माझं खरं काम चालतं ते यकृतात.

काम काय? एक प्रथिन बनवायची कृती माझ्याजवळ आहे. ते रक्तात फिरत असतं. कुठे कापलं की आमच्या मंडळींत ढोसाढोशी सुरू होते. एक दुसऱ्याला कोपराने ढोसून उठवतो, दुसरा तिसऱ्याला. सगळे एक नंबरचे झोपाळू. माझं प्रथिन मध्ये उभं राहून त्या ढोसण्याला जोर देतं. ते नसेल तर कुणी धड जागं होत नाही आणि रक्त वाहत राहतं. आता सांगा, घरात कर्ता कोण?

मी आईकडून आलो. तिच्याजवळ दोन प्रती होत्या, एक मी धडधाकट आणि दुसरी प्रयोगासाठी मुद्दाम मोडून ठेवलेली. मुलग्याला त्यातली एकच मिळते, बापाकडून तर ही कृती येतच नाही. माझ्या उंदराच्या वाट्याला मी आलो, त्याच्या भावाच्या वाट्याला मोडकी. भाऊ दिसायला अगदी तसाच, फक्त जरा आगाऊ.

दोघांना ओळखायला कानाला बारीक भोक पाडतात. आजवर हे काम संशोधन करणाऱ्या ताईच करायच्या. त्या उंदराचं तोंड स्वतःकडे करून धरतात, म्हणे तोंड बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. या खेपेला भोकं पाडली पिंजरे सांभाळणाऱ्या मामांनी. मामा उंदीर पाठमोरा धरतात, कारण त्यांना चावून घ्यायची हौस नाही. धडधाकटाचा उजवा कान, मोडक्याचा डावा, असं ताई-मामांचं ठरलं होतं. कोण कुठून बघतं, हे मात्र कुणीच कुणाला विचारलं नाही.

सोमवारी सकाळी ताईंनी मला मोडका समजून, मोडक्यांचं रक्त थांबावं म्हणून केलेलं बाटलीतलं नवं औषध टोचलं. उंदराला गुंगी दिली, शेपटीचं टोक कापलं आणि शेपूट कोमट पाण्यात बुडवलं. उंदीर झोपलेला, मी जागा. कंबर कसली आणि दोन मिनिटांत रक्त बंद करून दाखवलं.

"मामा, थांबलं. औषधाने थांबलं," ताई म्हणाल्या आणि चष्मा काढून डोळे पुसू लागल्या. तीन वर्षं त्या बाटलीमागे घालवली होती त्यांनी.

औषधाने? अहो बाई, मग मी काय माशा मारत होतो? मी असा फुगून बसलो की विचारू नका.

तेवढ्यात त्यांनी भावाला उचललं. "आता हा धडधाकट. तुलनेसाठी. याला औषध नको."

माझा रुसवा जागच्या जागी उतरला. ओरडावं तर तोंड नाही, धावावं तर पाय नाहीत. ताईंनी त्याचं शेपूट कापलं. दोन मिनिटं झाली, पाच झाली, दहा झाली. कापसाचे बोळे बदलून बदलून मामांची बोटं लाल झाली.

"ताई, हा धडधाकट नाही."

"कान बघा ना. उजव्याला भोक आहे."

"तुमच्या उजव्या हाताला आहे. उंदराचा तो डावा."

ताईंनी उंदीर पाठमोरा करून कान पुन्हा पाहिला. मामा म्हणाले, "त्या दुसऱ्याचं थोडं रक्त घ्या की. सख्खे भाऊ आहेत."

माझ्या उंदराचं थोडं रक्त काढलं, यंत्रात गरगर फिरवलं, वरचं पिवळसर पाणी भावाला टोचलं. त्या पाण्यात माझी प्रथिनं होती. तिकडे त्यांनी काय ढोसाढोशी केली ते मला ठाऊक नाही, पण काही मिनिटांत मामांच्या हातातला बोळा पांढरा राहिला.

ताईंनी वही उघडली, सकाळची ओळ खोडली आणि लिहिलं, 'जनुक शाबूत.' जन्मात पहिल्यांदा माझं नाव कुणी घेतलं, आणि घेताना बाईंचा चेहरा एवढासा झाला होता. मला काही बरं वाटलं नाही.

"औषध वाया गेलं असं कुठे झालंय?" मामा म्हणाले. "ज्याला द्यायचं त्याला अजून दिलंच नाही."

"आधी याला सावरू दे," ताई म्हणाल्या. "मग याला देऊन बघू."

आता भाऊ माझ्या उंदराच्या अंगावर तंगडी टाकून घोरतोय. माझी प्रथिनं त्याच्यात फार तर दोन दिवस टिकतील. पुढे एखादा ओरखडासुद्धा त्याला भारी पडेल, आणि मी इथून तिथे जाऊ शकत नाही. म्हणून बाटलीतल्या औषधा, तुला हात जोडतो. सगळं श्रेय तू घे, वहीत माझं नाव पुन्हा नाही आलं तरी चालेल. फक्त त्याला लागू पड, आणि माझ्यावाचून त्याचं निभू दे.