शालनताईंचा लाल दोरा

या मित्रांनो, जरा पुढे सरकून बसा. एक आख्यान सांगतो. मी एक जुना रबरी शिक्का आहे, लाकडी मुठीचा. शनिवार पेठेतल्या एका कार्यालयाच्या टपालखिडकीवर माझा सारा जन्म गेला. भिंतीपलीकडच्या देवळात दुपारी कीर्तन चालतं. ते ऐकून ऐकून मलाही निरूपणाची खोड लागली आहे, तेवढं सांभाळून घ्या.

लोकांनी अर्ज दिला की त्यांच्या प्रतीवर मी 'पोच' म्हणून उमटतो. अकरा वर्षं मला शालनताईंनी चालवलं. त्यांना दिसत नाही. नाव आणि विषय विचारून त्या बोलत्या संगणकावर नोंद करत, मग मला उचलत. माझी मूठ गोल, पुढची बाजू कळायची कशी? म्हणून त्यांनी तिला लाल दोरा बांधला होता. गाठ अंगठ्याखाली आली की मी सरळ उमटायचो.

मग नवे रणजितसाहेब आले. तपासणी तोंडावर होती. "हा काय कचरा? काढा," ते म्हणाले आणि शिपाई महिपतींनी माझा दोरा कापला.

दुसऱ्या दिवशी ताईंनी मला हातात घेतलं आणि त्या थबकल्या. "दोरा कुणी काढला हो?" महिपती टपालाचा गठ्ठा उचलून आत सटकले. रांग दारापर्यंत गेलेली. ताईंनी अंदाजाने काम चालवलं, तर तीन प्रतींवर मी उलटा पडलो.

"बाई, पोच दिलीत की शीर्षासन शिकवलंत?" एक आजोबा म्हणाले.

साहेबांनी ताईंना बोलावलं. आवाज अगदी मऊ. "उद्यापासून आत बसा. तुम्हाला त्रास नको."

"काम नसणं हाच त्रास, साहेब. नुसता दोरा बांधून मिळाला तर..."

"बसा हो आरामात."

आठ दिवस ताई रिकाम्या टेबलावर दोन्ही हात ठेवून बसल्या. देवाने मला जीभ दिली नाही, याचं तेव्हा फार वाईट वाटलं.

ताईंच्या जागी खिडकीवर कारकून योगेश आला. डोळे धडधाकट, तरी घाईत त्याने मला पाच वेळा उलटा उमटवला. साहेब हसले. "जा, चहा पिऊन ये."

ते ऐकून महिपतींना राहवेना. साहेबांसमोरच त्यांनी मला नवा दोरा बांधला. "साहेब, दोरा मीच कापला होता. ताईंचे तीन उलटे पडले, त्यांना आत बसवलंत. यांचे पाच पडले, तर चहा."

साहेबांनी डोळे मिटून मला उचललं, गाठ चाचपली आणि कोऱ्या कागदावर दाबलं. मी सरळ उमटलो.

"ताईंना खिडकीवर बोलवा," ते हळूच म्हणाले.

ताईंनी मूठ चाचपली. "गाठ थोडी डावीकडे गेलीय, महिपतीभाऊ." महिपतींनी डोळे पुसत ती सरकवली.

मित्रांनो, माझं रबर आता झिजलंय. लवकरच मी अडगळीच्या खोक्यात जाईन. मागणं एकच आहे. मोठे होऊन तुम्ही कामाला लागाल, तिथे कुणी रिकाम्या टेबलाशी बसवलेलं दिसलं, तर यांचा दोरा कुणी कापला, हे आधी विचारा. आणि त्या वेळी आमच्या शालनताईंची आठवण काढा.