उत्तरेश्वर पेठेतला डंक

ऐकू येतंय न्हवं? जरा मोठ्यानंच बोलतो, माझी सवयच तशी. मी उत्तरेश्वर पेठेतला डंक. तीन मुसळांचा, लोखंडी अंगाचा, विजेच्या मोटरीवर चालणारा. अख्ख्या पेठेची वर्षाची चटणी, म्हणजे मसाल्याचं तिखट, माझ्या तीन उखळांतून कुटून जाते.

माझा जन्म उद्यमनगरातल्या कारखान्यातला. तिथं लोखंड ओतलं, मुसळं घडवली, आणि तेवीस वर्षांपूर्वी गणपतरावांनी मला टेम्पोत घालून घरी आणलं. रस्त्याकडेच्या खोलीत माझी स्थापना झाली. पहिली पंधरा वर्षं त्यांच्या बायकोनं, झुंबरबाईंनी, मला चालवलं. त्यांचे गुडघे गेले तशी सून क्रांती पुढं आली. तिचा नवरा कृष्णात दुधाच्या टँकरवर असतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. तेव्हा मी आणि क्रांती, आम्हीच एकमेकांचे सोबती.

आता खोटं कशाला बोलू, मला लोकांच्या घरातलं ऐकायला फार आवडतं. माझ्यापुढं बायका नंबर लावून बसतात आणि बोलतात. कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या म्हशीनं दूध चोरलं, कुणाच्या दाराशी पाहुणे बघायला आले. माझा आवाज एवढा, की त्यांना ओरडून बोलावं लागतं. म्हणून मला सगळं कळतं.

पण एक गोष्ट डंकावर कुणी बोलत नाही, ती म्हणजे माप. किती जवारी मिरची, किती ब्याडगी, धणे किती, खोबरं किती, हे ज्या त्या घरचं असतं. एखादीचं माप उखळात पडायला लागलं की बाकीच्या सगळ्या भिंतीकडं तोंड करून उभ्या राहतात. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. पेठेत मी यायच्या आधीपासून असंच आहे.

गेल्या चार-पाच वर्षांत रांग आखडली. तरण्या सुना दुकानातनं पाकीट आणायला लागल्या. भर चैत्रात माझी दोन मुसळं रिकामी लोंबायला लागली. एक दिवस मोबाईलची कव्हरं विकणारा माणूस येऊन खोली बघून गेला. गणपतराव जेवता जेवता म्हणाले, "क्रांती, हा उन्हाळा शेवटचा. अक्षय तृतीयेपर्यंत रांग लागली तर ठीक. न्हायतर डंक भंगारात घालायचा आणि जागा भाड्यानं द्यायची."

"लागंल की मामा रांग," क्रांती म्हणाली.

"कुठनं लागंल?"

"फोनमधनं."

"फोनमधनं मिरची कुटत न्हाय कुणी!" असं म्हणून ते हात धुवायला उठले.

भंगार हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला स्वतःबद्दल. काय वाटलं ते सांगत नाही. पण क्रांती त्याच दुपारी कामाला लागली. तिनं फोनवर माझ्या नावानं पान उघडलं. पहिल्या व्हिडिओत ती स्वतः नवी साडी नेसून माझ्याशेजारी उभी राहिली, मागं गाणं, चेहऱ्यावर कसलीशी गुलाबी झाक. अकरा जणांना आवडला, त्यात सात पाहुणे. दुसऱ्यात तिनं मला झेंडूची माळ घातली. तो नऊ जणांना आवडला. झुंबरबाई कॉटवरनं म्हणाल्या, "अगं, लगीन लावतीस काय त्याचं?"

क्रांती हसली, पण हटली नाही. दुसऱ्यांचे व्हिडिओ बघून बघून तिनं ठरवलं, नटायचं नाही, काम दाखवायचं. मुसळ कसं पडतं, मिरचीचा धुरळा कसा उठतो, लाल रंग कसा खुलतो. पिठाच्या डब्यावर फोन टेकवून ठेवला आणि चालू केला.

नेमकं त्याच वेळी बनाबाईचं माप पडत होतं. रिवाजाप्रमाणं सगळ्या भिंतीकडं वळल्या. क्रांतीही वळली! फोन मात्र माझ्याकडंच बघत राहिला.

आता बनाबाईबद्दल सांगायला पाहिजे. पेठेत तिच्या चटणीचा दरारा. कुणी विचारलंच तर ती मान ताठ करून सांगायची, "आमच्यात नुसती खसखस पडती बाई. दुसरं काय न्हाय." तीस वर्षं सांगत आली. आणि व्हिडिओत स्पष्ट दिसत होतं, पितळी झाकणभर काळी कुळकुळीत कारळं माझ्या उखळात पडताना. खसखशीपेक्षा कितीतरी स्वस्त असतात ती.

व्हिडिओ टाकताना क्रांतीची नजर लाल रंगावर, कारळं तिला दिसलीच नाहीत. संध्याकाळपर्यंत हजारोंनी बघितला. ती आनंदानं आत-बाहेर करत होती. मग पेठेतल्याच एकीनं खाली लिहिलं, 'ही खसखस काळी कशी हो?' त्याखाली हसण्याची रांग लागली. क्रांतीनं व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो पेठेतल्या प्रत्येक ग्रुपवर पोचला होता. भाजीवालीसुद्धा बनाबाईला म्हणाली, "खसखसवाल्या काकू, मेथी देऊ काय?"

दुसऱ्या दिवशी डंकावर कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. भर सुगीत मी गप्प. बायकांचं बरोबरच होतं. आज बनाबाईचं माप चव्हाट्यावर आलं, उद्या आपलं.

क्रांती बनाबाईच्या दारात गेली. घर समोरच, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं. दार उघडलं नाही, खिडकी तेवढी उघडली.

"काकू, चुकलं माझं."

"चुकलं म्हणून माझी तीस वर्षं परत येत्यात काय?"

"न्हाय येत. पण मी मुद्दाम..."

"जा. त्या दिवशी कुटली तेवढीच. लेकीच्या वाट्याची आता न्हाय कुटायची." खिडकी बंद.

परत आल्यावर ती माझ्या चौथऱ्यावर बसली. मला वाटलं आता रडेल. तिनं फडकं घेतलं आणि माझी तिन्ही मुसळं लख्ख पुसली. मग पुठ्ठ्यावर जाड अक्षरात लिहिलं, 'इथं माप पडताना फोन बंद.' तो पुठ्ठा दारावर लावला आणि पानावर दोनच ओळी टाकल्या, की आमच्याकडून एका घरचं माप दाखवलं गेलं, ती चूक आमची, पुन्हा होणार नाही. कुणाचं नाव घेतलं नाही, कसलं कारण दिलं नाही.

त्यानंतर ती रोज माझा नुसता आवाज टाकायला लागली. चित्र बंद दाराचं, मागं माझं धडाड धूम. घरचीच थोडी मिरची घालून मला चालवायची. गणपतराव म्हणायचे, "येड लागलंय पोरीला. आवाज कोण ऐकतंय?"

ऐकणारे निघाले की! बेंगळुरूहून एकीनं लिहिलं, 'आवाज ऐकूनच शिंक आली. माझ्या आईच्या डंकाचा असाच होता. आई नाही आता, पण माप माझ्याकडे आहे. कुटून पाठवाल का?' क्रांतीनं तिचं माप फोनवर ऐकून कागदावर उतरवलं, माल आणला, वाळवला, भाजला, कुटला आणि तो कागद पार्सलातच घालून परत पाठवला. स्वतःकडं उतारा ठेवला नाही. त्या बाईनं हे सगळं स्वतःच्या पानावर लिहिलं. मग नाशिकहून एक मागणी आली, हैदराबादहून एक. थोड्याच, पण आल्या. अक्षय तृतीया मात्र आठच दिवसांवर होती.

अशात पुण्याहून मोनाचा फोन आला. मोना म्हणजे बनाबाईची लेक. क्रांतीनं फोन स्पीकरवर टाकला, कारण हात तिखटात.

"क्रांतीवहिनी, आईनं यंदा माझ्या वाट्याची चटणीच केली नाही. माझी बरणी रिकामी. माप तर आता सगळ्या जगाला ठाऊक आहे, तुम्हीच कुटून द्या. आमच्या सोसायटीतल्या वीस जणींनाही हीच हवी आहे. एकदम मोठी ऑर्डर समजा."

वीस घरं! माझी मुसळं जागच्या जागी थरथरली. एवढ्यानं अक्षय तृतीयेचा प्रश्नच मिटला असता. क्रांतीनं तिखटाचे हात फडक्याला पुसले.

"मोना, तुझ्या आईनं सांगितल्याशिवाय ते माप माझ्या डंकावर पडणार न्हाय."

"अहो, पण सगळ्यांना माहीत आहे ते!"

"असू दे की. माझं न्हाय ते."

मोनानं रागानं फोन ठेवला. मीसुद्धा चिडलो, खरं सांगतो. भंगारात मी जाणार होतो, ती नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बनाबाई दारात. काखेत मिरचीचं गाठोडं, कपाळाला आठ्या.

"मोनीनं रात्री माझं डोकं खाल्लं. तुला माप ठाऊक हाय, तरी कुटलं न्हाईस?"

"न्हाय. तुमचं हाय ते, काकू."

"आणि फोनवर टाकलंस तवा कुणाचं हुतं?"

क्रांतीची मान खाली गेली.

"आता रडू नकोस, मिरची भिजंल. कुठं हाय तो फोन? लाव माझ्यापुढं."

क्रांतीला कळेना, तरी तिनं फोन डब्यावर टेकवून चालू केला. बनाबाईनं पदर सारखा केला, डोळे वटारले आणि फोनला दम भरल्यासारखं बोलायला लागली. "मी बनाबाई. व्हय, कारळं घालतो आम्ही. माझी सासू घालायची, मी घालतो. खसखस परवडत न्हवती तवा सुरू केलं, आणि चव लागली म्हणून सोडलं न्हाय. लाज वाटायची म्हणून खोटं बोललो. आता न्हाय वाटत. ह्या पोरीनं न विचारता दाखवलं, ती तिची चूक. पण माझ्या पोटच्या लेकीनं मागितलं तरी मला विचारल्याबिगर दिलं न्हाय. आपापलं माप घेऊन बिनघोर या. बंद कर गं."

फोन बंद झाल्यावर तिनं गाठोडं सोडलं आणि क्रांतीला म्हणाली, "जरा बाहेर जा. अजून एक जिन्नस हाय, तो त्या व्हिडिओत आलाच न्हाय." क्रांती हसत बाहेर गेली. तो जिन्नस मला ठाऊक आहे. तुम्ही मात्र विचारू नका.

क्रांतीनं तो व्हिडिओ पानावर टाकला, आणि दुपारपासून पेठेतल्या बायका येऊ लागल्या. मोनाच्या वीस घरांचं माप बनाबाई स्वतः येऊन घालून गेली. कव्हरंवाला ठरल्याप्रमाणं अक्षय तृतीयेच्या सकाळी किल्ली मागायला आला. गणपतराव उंबऱ्यातच पार्सलांवर पत्ते लिहीत बसले होते, घरात अक्षर त्यांचंच बरं. चष्म्यावरनं त्याच्याकडं बघत म्हणाले, "पावणं, जागा रिकामी न्हाय. जरा सरका, हैदराबादचं पार्सल निघालंय."

आता माझी मोटर नव्यानं भरून आणलीय, पट्टाही नवा. डावं मुसळ जरा कुरकुरतं, पण पडतं नेमानं. पॅकेटवाल्यांचं काय व्हायचं ते होवो, मी अजून थकलेलो नाही. तुम्ही कुठंही असा, घरचं माप लक्षात असेल तर कळवा, नसेल तर आईला आजच विचारून घ्या. आणि स्वतः येणार असाल तर मिरच्या कडकडीत वाळवून आणा. ओली मिरची माझ्या उखळात चिकटून बसते, मग क्रांतीला ती खरवडत बसावं लागतं, आणि तिला आता तेवढी उसंत नाही.