सयाजीचं डोकं, काठीसह

जे गाव आपला इतिहास जपतं त्या गावाला उद्याची भीती नसते, असं स्वप्नाली मॅडमनी चौथीच्या फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलं होतं. नानासोला उद्याची भीती नव्हतीच. त्याला भीती होती ती इतिहासाची, आणि तो इतिहास फळ्याखाली, फुटका कंदील आणि कोंबड्यांचं डालगं यांच्या मधोमध, भिंतीला टेकून उभा होता.

इतिहासाच्या गळ्यात पुठ्ठा बांधला होता. पुठ्ठ्यावर टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं : 'काठी. आमच्या नानाआजोबांची. हिने त्यांनी सयाजीआजोबांचे डोके फोडले. हात लावू नये.'

लिहिणारी प्रांजल ही नानासोची सख्खी नात. घरभेदी म्हणावं तर वय नऊ.

चूक म्हणायची तर मॅडमची. मॅडम साताऱ्याच्या. वर्गात संग्रहालय करायचं, प्रत्येकानं घरातली एक जुनी वस्तू आणायची, तिची गोष्ट थोरांना विचारायची आणि पुठ्ठ्यावर लिहायची, असं त्यांनी मुलांना सांगितलं. त्यांची समजूत अशी, की वस्तूंबरोबर आजीची माया येईल, जुने सणवार येतील. पण वडूजच्या पूर्वेला, माळावरच्या त्या गावात जुनी वस्तू कुणी मायेपोटी ठेवत नाही. पुरावा म्हणून ठेवतात. एका पोरानं बांधाच्या भांडणात उपटलेला दगड आणला. एकीनं तळ आत ठोकून बसवलेलं शेराचं माप आणलं, वर कुणाच्या दुकानातलं तेही लिहिलं. भावाभावांच्या वाटणीत करवतीनं कापलेली परात दोन घरांतून दोन पोरांनी आणली आणि बाकावर जोडून ठेवली. दुपारच्या आत दोन्ही घरांतली माणसं येऊन ती परत लांब करून गेली.

नानासो गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष होता. गावातल्या सगळ्या तंट्यांची त्याला आतून माहिती होती, त्यातले बरेचसे त्याचेच होते. अध्यक्षपद सोमवारच्या ग्रामसभेत पुन्हा मिळायचं होतं. आणि शनिवारी संग्रहालय बघायला वडूजहून शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. साहेबांच्या मागून सगळा गाव येणार, पुठ्ठा वाचणार, आणि सोमवारी तोच पुठ्ठा ग्रामसभेत कुणीतरी तोंडपाठ म्हणून दाखवणार, हे नानासोला दिसत होतं. फौजेत हवालदार होता तो. हल्ला कुठनं येतो ते त्याला कळायचं.

त्यानं मॅडमना गाठलं. मॅडम म्हणाल्या, खोटं असेल तर सांगा, आत्ता काढते. नानासो म्हणाला, खोटं नाही, पण अपुरं आहे. मॅडमनी लगेच खडू पुढं केला. पुरं सांगा, तेही लिहू. नानासोनं खडू घेतला नाही. पुरं सांगायचं तर त्यात बूट येत होते.

बुटांची हकिकत अशी. नानासोची नोकरी नवी होती तेव्हा तो जत्रेला सुट्टीवर आला आणि पलटणीचे बूट घालूनच मेंढक्यांच्या गजी नाचाच्या रिंगणात उतरला. ढोल एकीकडं, बूट दुसरीकडं. सयाजी त्याचा चुलतभाऊ. तो नाचता नाचता थांबला आणि सगळ्या जत्रेला ऐकू जाईल असं म्हणाला, "सरकारनं ह्याला बूट दिलं, पाय द्यायचं राह्यलं." जत्रा हसली. मेंढक्यांची रीत अशी, की देवाच्या अंगणात काठी न्यायची नाही. साऱ्यांच्या काठ्या दीपमाळेला टेकून ठेवायच्या आणि मग नाचायचं. नानासो तरातरा दीपमाळेकडं गेला, वारलेल्या बापाची काठी उचलली आणि मागून येऊन सयाजीचं डोकं फोडलं. दुसऱ्या दिवशी तो पलटणीत परत गेला आणि काठी आढ्यावर गेली. तिथं ती प्रांजलच्या हाताला लागेपर्यंत होती. गोष्ट मात्र कधी आढ्यावर गेली नाही. ती घरात रोज खाली होती.

घरी त्यानं नातीला खडसावलं. प्रांजल म्हणाली, मॅडमनी सांगितलं होतं, जिची गोष्ट घरात सगळ्यांना येते ती वस्तू आणा. त्यानं बायकोकडं बघितलं. तानुबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "आवं, डोस्कं फोडताना लाजला न्हाईसा. आता लिवलं म्हणून लाजताय व्हय?"

एवढ्यावर भागलं असतं. पण सयाजीच्या घरात विश्वजित नावाचा नातू होता आणि तो प्रांजलच्याच वर्गात होता. सयाजीच्या घरात जुनी वस्तू उरलीच नव्हती. जत्रेच्या त्या धांदलीत त्याची काठीसुद्धा गेली होती. ती बायकोच्या भावानं, फलटणच्या मेहुण्यानं पळवली, अशी सयाजीची खात्री होती, कारण त्या जत्रेला पाहुणा म्हणून तोच एक आला होता आणि मार चुकवून तोच आधी एसटीत बसला होता. तेव्हापासून सयाजीनं मेहुण्याचं दार बंद केलं. बायकोचं, हरणाबाईचं, माहेर तुटलं. आणि परक्याची काठी हातात धरणार नाही म्हणून सयाजी पुढं गुडघे गेल्यावरही बायकोच्या नाहीतर नातवाच्या खांद्यावर हात टाकून चालायचा.

तर विश्वजितनं घरभर शोधलं आणि शेवटी आजोबालाच उचलून आणलं. काठीशेजारी प्लास्टिकची खुर्ची मांडली. खुर्चीत सयाजी, पटका मांडीवर, मान खाली. गळ्यात पुठ्ठा : 'डोके. आमच्या आजोबांचे. खोक मागच्या बाजूला आहे. हात लावून बघता येईल.'

पहिलीची पोरं ओळीनं येऊन खोकेत बोट घालून जात. संग्रहालयात एवढी गर्दी दुसऱ्या कुठल्याच वस्तूला नव्हती. शेजारच्या काठीकडं मात्र सयाजी तिरप्या डोळ्यानंही बघत नसे. विश्वजितनं एकदा ती त्याच्यासमोर धरली तर म्हणाला, नान्याच्या घराण्याच्या लाकडाला मी शिवत नाही.

शुक्रवारी पोरं खिचडी खायला व्हरांड्यात बसली तेव्हा नानासो घरातली दुसरी काठी घेऊन वर्गात शिरला. ही ठेवायची आणि ती घेऊन जायची, पुठ्ठ्यासकट, असा बेत होता. पण खिचडीची सुट्टी पोरांना होती, डोक्याला नव्हती. सयाजी जागेवरच होता.

"या हवालदार," तो मान न उचलता म्हणाला. "काठी घिऊन आलाईस. ह्या बारीला तरी म्होरनं ये."

नानासो म्हणाला, फिरायला निघालो होतो.

"वर्गात?"

"माझ्या नातीचा वर्ग हाय."

"व्हय की. पोरगी लय गुणाची. तुझ्या घरात खरं बोलणारं पयलंच माणूस निपजलं." सयाजीनं मानेला हात लावला. "साह्येब आल्यावर जवळ हुबा ऱ्हा. मी सांगनार हाय, हे डोस्कं, ही काठी, आन् हे तंटामुक्तीचं अध्यक्ष."

नानासो दुसरी काठी घेऊनच परत गेला. वाटेत त्याला एक बोकड आडवा आला. बोकडाची काही चूक नव्हती.

शनिवारी साहेब आले. हार झाला, नारळ झाला. सगळा गाव वर्गाच्या खिडक्यांना लोंबकळला होता. साहेबांनी शेराचं माप बघितलं, परातीचे दोन तुकडे बघितले, हे दोन बाकांवर का, असं विचारलं आणि मॅडमनी त्यांना घाईनं पुढं नेलं. मग ते काठीपाशी आले. पुठ्ठा वाचला, दुसरा पुठ्ठा वाचला, आणि त्यांचा चेहरा उजळला. साहेब शिक्षण खात्यातले होते, त्यांना सगळ्यातून काहीतरी बोध काढायची सवय होती. ते म्हणाले, दोन चुलतभावांनी आपलं जुनं वैर शाळेला अर्पण केलं, याहून मोठं संग्रहालय कोणतं? नानासो आणि सयाजी एकमेकांकडं असे बघत होते, की वैर अर्पण झाल्याचं दोघांनाही कुणी कळवलं नव्हतं.

साहेबांनी स्वतःच्या हातानं काठी उचलली. एक टोक नानासोच्या हातात दिलं, दुसरं सयाजीच्या. फोटो काढायचा होता. साहेबांसमोर नाही म्हणायची गावाला सवय नाही, म्हणून सयाजीची मूठ नाइलाजानं काठीवर बसली.

बसली ती सुटेना.

फोटोवाला म्हणाला, इकडं बघा. सयाजी बघेना. त्यानं अंगठा थोडा खाली सरकवला. तिथं एक खाच होती, तीत अंगठा नेमका बसला. मग त्यानं काठी आपल्याकडं वळवून नानासोच्या टोकाला बसवलेली लोखंडी शेंबी बघितली.

"हवालदार," तो हळू म्हणाला, "ही काठी कुनाची?"

"माझ्या बापाची."

"बापाची काठी हातानं वळखत हुतास का कवा?"

मेंढक्याच्या पोटच्या पोराला आंधळ्या काळोखात आपली काठी हाताला कळते. नानासोच्या हाताला तोवर रायफल कळायला लागली होती. दीपमाळेला चाळीसएक काठ्या होत्या. त्यानं रागात जी हाताला आली ती उचलली होती.

"ही माझी काठी हाय," सयाजी म्हणाला. "खाच मी पाडलीया. पोर हुतो तवा."

साहेबांनी विचारलं, काय म्हणतात ते? मॅडमनी प्रांजलकडं बघितलं. प्रांजलनं स्केचपेन काढून पुठ्ठ्यावरचं 'आमच्या नानाआजोबांची' खोडलं आणि वर 'सयाजीआजोबांची' लिहिलं. पुढचं होतं तसंच ठेवलं. तेही खरंच होतं.

नानासोला मात्र आता कंठ फुटला. म्हणजे काठी याची आणि डोकंही याचंच, असं तो खिडक्यांकडं तोंड करून म्हणाला. घरचं भांडण घरात. यात तिऱ्हाईताचा संबंध काय?

"हात तुझा हुता," सयाजी म्हणाला.

"हात हुता. पर काठी तुझी. तुझी काठी तू का नीट ठेवली न्हाईस?"

खिडकीतून कुणीतरी हसलं. सोमवारच्या ग्रामसभेत काय बोलायचं ते नानासोच्या मनात आपोआप तयार व्हायला लागलं. या हातानं, या गावात, आपल्या घरची काठी कधी कुणावर उचलली नाही, इथून सुरुवात करायची. टाळ्यांसाठी कुठं थांबायचं तेही त्यानं ठरवलं.

तेवढ्यात दारातून हरणाबाई आत आली. सयाजीची ही बायको चारचौघांत कधी बोलत नसे. ती काठीपाशी आली, खाचेवर बोट फिरवलं आणि नवऱ्याकडं बघितलं.

"मग माज्या भावाला चोर कुनी केलं?"

सयाजी काठीच्या शेंबीकडं बघत राहिला.

"त्याच्या पोरीच्या लग्नाला जाऊ दिलं न्हाईसा. त्याची आई म्हंजी माजी आई गेली, तवा माती द्यायला गाठलं कसंतरी, तर दारातनं माघारी आनलंसा मला. तुमची काठी आढ्यावर हुती, पन्नास पावलांवर." ती विश्वजितला म्हणाली, "चल रं. फलटणची एसटी सापडंल आजून."

विश्वजितनं आजोबाकडं बघितलं, आजीकडं बघितलं, आणि आजीमागं निघाला. जाताना त्यानं आठवणीनं आजोबाच्या गळ्यातला पुठ्ठा काढून बाकावर ठेवला.

साहेबांनी घड्याळ बघितलं. पुढं अजून दोन शाळा होत्या. गाव साहेबांच्या मागं गाडीपर्यंत गेला. मॅडमही गेल्या. वर्गात कंदील, डालगं, परातीचे दोन तुकडे आणि काठीच्या दोन टोकांना दोघं म्हातारे राहिले.

बायको गेली त्या दाराकडं बघत सयाजीनं काठी सोडली. पटका डोक्याला गुंडाळला आणि दारापर्यंत भिंत धरून गेला. पुढं भिंत नव्हती. शाळेला पाच-सहा पायऱ्या होत्या आणि खांदा एकही नव्हता. नानासोला ते दिसलं. त्यानं काठी आणखी घट्ट धरली आणि ग्रामसभेचं भाषण मनात पुढं चालू केलं. टाळ्यांच्या जागेवर आला होता तो.

"नाना," सयाजी पाठमोराच म्हणाला. हवालदार म्हणाला नाही. "पायऱ्या उतरंस्तवर तेवढी काठी दे की. खाली गेलो की तुझ्या नातीच्या हाती वर पाठवून दितो."