पतंगी कागदाच्या जाळ्या

लग्नानंतरची पहिली ईद रहेमान आणि रशीदा पांढरकवड्याच्या नव्या घरात करणार होते. घर म्हणजे नागपूर रोडला लागून भाड्याच्या दोन खोल्या आणि मागं अंगण. रहेमान ट्रक दुरुस्त करायचा. साल एकसष्ट, मार्चातच ऊन रणरणायला लागलं होतं. दोघांनी मिळून भिंतींना चुना दिला. रहेमाननं हिरव्या-गुलाबी पतंगी कागदाचे ताव आणले.

"अंगणभर लावू," तो म्हणाला. "अम्मा यवतमाळहून आली का पाह्यतच राह्यली पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी दुपारी रशीदा कागद चिकटवायला चुलीवर खळ शिजवत होती. शेजारची रुखमाबाई मदतीला आलेली. तिचा नवरा धर्मपाल रहेमानच्याच हाताखाली काम करायचा. दार उघडं होतं. एक म्हातारी आत आली, अनवाणी.

"रहेमान कामावर गेला का, बेटा?"

नवऱ्याची कोणी फुफी, म्हणजे आत्या असेल, असं रशीदाला वाटलं. तिनं चटई टाकली. म्हातारी बसली, कात्री उचलली. आखणं नाही, मोजणं नाही. कागद दुमडला, कात्री फिरवली, उलगडला की जाळी. एवढ्या बारीक नक्षीची, की हात लावायची भीती वाटावी. कागद आपण दिला की तिनं स्वतःजवळचा काढला, हे रशीदाला पुढं कधीच आठवलं नाही.

तीन दिवस ती आली. रोजे चालू, त्यामुळं तिनं कधी पाणी मागितलं नाही याचं रशीदाला नवल वाटलं नाही. इफ्तारच्या आधी उठायची. रहेमान घरी यायचा तेव्हा नवी जाळी टांगलेली असायची. "त्या आल्या होत्या," रशीदा सांगायची. महागावची, बायकोच्या माहेरची कोणी असेल, असं त्याला वाटायचं.

चौथ्या दिवशी दुपारच्या मोटारीनं रहेमानची आई खैरुनबी आली. मान वर करून बघतच राहिली.

"कोणं केलं वो एवढं नाजूक?"

"तुमच्याकडच्या फुफीनं."

"कोणती फुफी? रहेमानले फुफीच नाही."

रहेमान लवकर घरी आला होता. "मले वाटलं, तुह्या महागावची कोणी."

रुखमाबाई हसली. "मी रोज बसली ना तिच्यापाशी. पांढरं लुगडं नेसे."

"लुगडं?" रशीदा म्हणाली. "बुरखा होता, काळा. तोंडावरून वर केलेला."

"मी तं आमच्यातलीच समजली," रुखमाबाईचं हसू गेलं. "मले म्हणे, धर्मपाल बरा हाय ना?"

रहेमान आत गेला, पेटी उघडली. ताव आणले तसेच गुंडाळलेले होते. सुतळीची गाठही सुटली नव्हती.

"काढून टाक सगळं," खैरुनबी म्हणाली. तो स्टुलावर चढला, जाळीला हात लावला आणि तसाच खाली उतरला.

"काय झालं?"

"कोमट हाय," तो हळूच म्हणाला. "अंगावानी."

संध्याकाळी चांद दिसला. जाळ्या तशाच राहिल्या.

ईदच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं. जो तो वर बघून वाहवा करत होता. रशीदा शीरखुर्मा वाढत होती, लक्ष दाराकडं. कोणी आत आलं की तिचा हात थांबायचा. तिसरा प्रहर झाला. रहेमानच्या उस्तादाची बायको जोहराबी निघाली, आणि उंबऱ्यावर थांबून तिनं रशीदाला बाजूला घेतलं.

"रागावू नको पोरी, पण म्हाताऱ्या माणसाले असं एकटं ठेवू नये. आतल्या खोलीत कवाच्या बसल्या हायेत. कोणं त्यायले वाटीभर बी देल्लं नाही."

खैरुनबी तर समोर अंगणात बसली होती.

रशीदा वाटी घेऊन आतल्या खोलीच्या दारात गेली. खोली रिकामी होती. भिंतीशी चटई अंथरलेली होती. ती तिनं अंथरली नव्हती. पाय पुढं टाकवेना. तिनं वाटी उंबऱ्याच्या आत सरकवली आणि मागं फिरली.

त्या रात्री सगळे धर्मपालच्या घरी झोपले. आठ दिवसांत रहेमाननं मशिदीमागं दुसरी खोली बघितली. सामान न्यायला बैलगाडी आली तेव्हा रशीदा रडायला लागली.

"आता काहून रडतं?"

"तीन दिवस मले बेटा म्हणे. मी तिले नाव बी इचारलं नाही."

पेटी चढवता चढवता रहेमाननं एवढंच सांगितलं, की घराकडं पाठ करून बस. गाडी हलली तेव्हा ती घराकडं तोंड करून बसली होती.