दोन घंट्या

दहा आठवड्यांचा पळायला शिकवणारा वर्ग एका रविवारी संपला आणि सोमवारी ड्रायव्हरचे बूट पलंगाखाली गेले. गेले ते गेलेच!

रविवारी काय थाट होता! गडी पाच किलोमीटर न थांबता पळाला, शिट्टीवाल्या सरांनी पाठ थोपटली, हातात एक प्रमाणपत्र आणि एक केळं ठेवलं. केळं त्याने तिथेच संपवलं. प्रमाणपत्र बायकोने व्यायामाच्या सायकलच्या हँडलला अडकवलं. ही सायकल त्याने तीन वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने आणली होती, आणि आता तिच्यावर टॉवेल वाळत असत.

"इथेच शोभतंय," ती म्हणाली. "तुमच्या सगळ्या हौशी एका जागी राहू देत."

पण पळायला तो काही हौसेने गेला नव्हता. बावीस वर्षं तो आठ नंबरची बस चालवत होता. बसून बसून पोट स्टिअरिंगला टेकलं, रक्तदाब चढला, आणि डेपोच्या डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं, "सहा महिने देते. दाब आणि दम ताळ्यावर आणा. नाही तर स्टिअरिंग सोडा आणि खिडकीवर बसा." खिडकी म्हणजे प्रवाशांच्या हरवलेल्या वस्तूंची. तिथे आधीच एक जुना ड्रायव्हर बसत होता. दिवसभर विसरलेल्या छत्र्यांना चिठ्ठ्या बांधायचा, म्हणून अख्खा डेपो त्याला छत्रीमामा म्हणायचा. आपला ड्रायव्हर त्या खिडकीवरून जाताना मान वळवून घ्यायचा. बस चालवणं एवढंच त्याला येत होतं, आणि तेवढंच त्याला मनापासून आवडत होतं.

सहापैकी अडीच महिने वर्गात गेले. उरलेले साडेतीन स्वतःच्या जिवावर काढायचे होते, आणि त्यातले पहिले अकरा दिवस या पठ्ठ्याने लोळून काढले. झोपताना ठरवायचं, पहाटे कूस बदलायची. बाराव्या दिवशी डेपोचे दोन जिने चढताना त्याला धाप लागली. वर छत्रीमामा उभाच!

"काय रे, तुझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवू का?" मामाने विचारलं.

मामाच्या मनात काही वाईट नव्हतं, बिचाऱ्याला सोबत हवी होती. पण बोलणं ड्रायव्हरच्या जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बूट बाहेर आले. मैदानावर आता वर्गाची नवी तुकडी घाम गाळत होती, म्हणून त्याने रस्ता धरला. त्याला पाठ असलेला रस्ता एकच, आठ नंबरचा. पहिल्या स्टॉपपर्यंत झकास पळाला. स्टॉप आला आणि पाय थांबले.

दम लागला नव्हता, काही दुखत नव्हतं. आपले नुसते थांबले! पुन्हा निघाला, तर दुसऱ्या स्टॉपला पुन्हा तेच. तिसऱ्या स्टॉपला तर त्याने आरशात बघावं तशी मान तिरकी केली. तिथे एक नर्स बसची वाट बघत होती.

"गाडी येतेय का मागून?" तिने विचारलं.

"मला काय माहीत!" तो खेकसला आणि चालत घरी आला.

त्याच्या गाडीवर बारा वर्षं एकच कंडक्टरबाई होत्या. त्यांच्यापासून त्याचं काही लपत नसे. चहा पिताना त्याने हे सांगितलं, तर बाईंना हसून हसून ठसका लागला.

"अहो दादा, तुम्ही घंटीची वाट बघताय!"

आणि खरंच की! एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. दोन घंट्या वाजल्याशिवाय गाडी हलवायची नाही, कुणाचा पाय अजून पायरीवर असतो, कुणी म्हातारं दांडा धरून चढत असतं. बावीस वर्षांत हे त्याच्या हाडात मुरलं होतं. मैदानावर सरांच्या शिट्टीवर भागलं. रस्त्यावर ना शिट्टी ना घंटी, मग पाय उचलणार कसे?

"मग आता मी करू काय?"

"मी काही तुमच्यामागे पळायची नाही," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "तुमची घंटी तुम्हीच मारा."

त्याने तेच केलं. स्टॉपवर थांबायचं, इकडेतिकडे बघायचं आणि तोंडाने म्हणायचं, "टिंग टिंग." पहिल्या दिवशी लाजेने कान तापले, एक कुत्रं अंगावर भुंकलं. पण पाय निघाले! पहिल्या आठवड्यात तीन स्टॉप, मग पाच, महिनाभरात सात. आता काही झालं तरी सोडायचं नाही, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

एका पहाटे मात्र कडाक्याची थंडी होती आणि आदल्या दिवशी दोन पाळ्या झाल्या होत्या. अंग नुसतं ठणकत होतं. 'आजचा दिवस राहू दे,' म्हणत त्याने पांघरूण डोक्यावर ओढलं. ते अकरा दिवससुद्धा त्याने असंच म्हणत घालवले होते, हे त्याला आठवलं, तरी तो उठला नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरातून पेल्यावर चमचा वाजला. दोनदा. मग पुन्हा दोनदा, जोरात.

"अगं, काय चाललंय?"

"प्रवासी खोळंबलेत," बायको आतून म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? रोज टिंग टिंग करत जाता, अख्खी गल्ली ऐकते. मला काय कान नाहीत?"

टॉवेलांवरून टोमणे मारणारी हीच ती बाई! ड्रायव्हरला भरून आलं. तो उठला आणि त्याने नाड्या बांधल्या. त्या दिवशी तो आठ स्टॉप पळाला.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, विश्वास बसेना म्हणून पुन्हा बांधला. दोन जिने चढून यायला लावलं. नाडी मोजली.

"वर्ग संपून किती दिवस झाले?"

"साडेतीन महिने."

"मग इतके दिवस तुम्हाला पळवलं कुणी?"

"घंटीने," तो म्हणाला. त्यांना गजराचं घड्याळ वाटलं असावं. त्यांनी कागदावर 'योग्य' लिहिलं आणि पुढची तारीख एका वर्षानंतरची दिली.

खाली येताना तो मुद्दाम खिडकीपाशी थांबला. मामा एका फुलाफुलांच्या छत्रीला चिठ्ठी बांधत होता.

"पास?" मामाने मान वर न करता विचारलं.

"पास. मामा, ती खुर्ची पुसू नका. उद्या पहाटे पहिल्या स्टॉपवर या."

"मी? वेडा झालास का? माझं स्टिअरिंग सुटून सहा वर्षं झाली."

"स्टिअरिंगसाठी कोण बोलावतंय? सोबतीला या."

दुसऱ्या पहाटे घरात चमचा वाजला नाही. बायको जागी होती, पण मुद्दाम गप्प पडून राहिली होती. आता ना डॉक्टरीणबाईंचा धाक होता ना जवळची तारीख. ड्रायव्हर उठला, स्वतःच पेल्यावर दोनदा चमचा वाजवला आणि निघाला.

पहिल्या स्टॉपवर मामा उभा होता. पायात कचेरीचे बूट, काखेत छत्री. ड्रायव्हरने "टिंग टिंग" केलं आणि दोघे निघाले. पळणं कसलं, भरभर चालले. दुसऱ्या स्टॉपला मामा खांबाला धरून वाकला.

"तू जा पुढे," तो धापा टाकत म्हणाला. "माझ्यासाठी थांबू नकोस."

ड्रायव्हर जागचा हलला नाही. त्याने मागे वळून बघितलं आणि मामाची धाप ओसरेपर्यंत उभा राहिला. मामाने खांब सोडला, पाठ ताठ केली, छत्री दुसऱ्या काखेत घेतली.

"अरे, बघतोस काय?" मामा म्हणाला. "घंटी मार की!"