पेटीच्या कपाटातली गिटार

मित्रांनो, खोळ काढलीत तर कळेल, मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे. दिल्लीत मयूर विहारच्या एका फ्लॅटमध्ये कपाटावर, सुटकेसच्या मागे पडून असते. हे घर आता गुडगावला हलणार आहे. काय न्यायचं, काय टाकायचं, यावर खाली रोज चर्चा चालते. माझं नाव अजून कोणी घेतलेलं नाही.

माझा जन्म कलकत्त्याच्या एका छोट्या कारखान्यात झाला. या घराचे मालक यतीन सर. त्यांनी मला आणलं तेव्हा ते सर नव्हते. केस वाढवून कॅनॉट प्लेसच्या एका रेस्तराँत रॉक वाजवायचे. काय कौतुक व्हायचं माझं! मग केबल आलं, रेस्तराँत मोठा टीव्ही लागला आणि आम्हा दोघांना निरोप मिळाला.

त्याच सुमारास इथे एक लहानशी मराठी शाळा निघाली होती. मुख्याध्यापिका सुनीतीबाईंना संगीत शिक्षक हवा होता. यतीन सरांचे वडील दिल्लीच्या मराठी मंडळींत पेटीवादक म्हणून नावाजलेले. ते नुकतेच वारले होते. बाईंनी पुढे काही विचारलंच नाही.

"भालचंद्ररावांचे चिरंजीव ना? मग पेटी रक्तातच असणार. संमेलन पार पडू दे, तुम्हाला कायम करू."

सरांना पेटीतलं ओ की ठो येत नव्हतं. पण घरात आई आजारी, दुसरं काम मिळेना. ते 'हो' म्हणाले आणि मला शाळेतल्या पेटीशेजारी कपाटात ठेवलं.

पहिल्याच तासाला सातवीतली क्षिप्रा म्हणाली, "सर, पेटी उलटी ठेवलीय. भाता पलीकडे हवा."

"अच्छा? दिल्लीत अशीच ठेवतात."

"आम्ही पण दिल्लीतच राहतो, सर!"

वर्ग खोखो हसला. पण बाहेर कोणी ब्र काढला नाही. क्षिप्रा पेटी शिकलेली होती, तीच वाजवू लागली. बाई व्हरांड्यातून सूर ऐकायच्या आणि समाधानाने पुढे जायच्या.

संमेलनासाठी पोवाडा बसवायचा होता. मुलं घराबाहेर हिंदीत वाढलेली. मराठी शब्द तोंडातल्या तोंडात गिळायची. एक दिवस सरांनी दार लावून मला बाहेर काढलं आणि डफाचा ठेका माझ्या तारांवर धरला.

"यार, पोवाडा असा असतो?" मागच्या बाकावरून आवाज आला. त्या दिवशी 'जी जी'ने खिडक्या थरथरल्या.

पावलं वाजली की मी पुन्हा कपाटात. अंधारात माझ्या तारा आपोआप थरथरायच्या. मी सापडले तर सरांची नोकरी जाईल, हीच धास्ती.

संमेलनात बाईंनी स्वतः पेटी सरांपुढे ठेवली. "आज भालचंद्ररावांच्या आठवणीसाठी पेटी तुम्हीच वाजवायची." क्षिप्रा धावत आली, तर बाई म्हणाल्या, "तू गायला उभी राहा, बाळ."

मुलांनी मला गुपचूप पडद्याआड आणून ठेवलं होतं; तिथून मला सरांचे हात दिसत होते. ते पेटीपर्यंत गेले आणि थांबले.

"बाई, मला पेटी येत नाही. इतके दिवस क्षिप्रा वाजवत होती."

पहिल्या रांगेत संस्थेचे अध्यक्ष तात्याराव खाकरले.

"मग तुम्हाला येतं तरी काय?" बाईंनी पेटी बाजूला सरकवत विचारलं.

सरांनी मला आणलं, स्पीकरला वायर जोडली. मी अशी किंचाळले की आयांनी कानांवर हात ठेवले. पण मग मुलं गाऊ लागली. एकही शब्द गिळला नाही त्यांनी. जरा वेळाने तात्यारावांची काठी फरशीवर ठेका धरू लागली.

कार्यक्रमानंतर बाईंनी पेटी स्वतः मिटली. मग म्हणाल्या, "सोमवारी वेळेवर या. आणि त्या मुलीकडून पेटी शिकून घ्या. नेमणूक पेटीची आहे."

सर शिकले. इतकं छान शिकले की माझ्याकडे हळूहळू हात येईनासा झाला. शाळेने निवृत्तीच्या वेळी ती पेटी त्यांनाच दिली. काल ती जुन्या साडीत जपून गुंडाळली गेली.

मित्रांनो, तुमच्याही कपाटावर माझ्यासारखं कोणी असेल. धूळ पुसा, तारा सैल करा. दिल्लीच्या लूमध्ये, त्या उन्हाळी झळांच्या वाऱ्यात, आमचं लाकूड वाकतं. आणि आमच्या सरांना एवढं सांगाल? पेटी नेताय, तर मलाही न्या. आम्ही दोघी एकाच कपाटातल्या आहोत.