पाचव्या दिवसाची वाढ

नेवेंकाने सूक्ष्मदर्शकाखालची काच काढली, पुसली आणि पुन्हा लावली. दिसलं तेच. गाभण उंदरिणीच्या दुग्धग्रंथीचा पातळ काप, गर्भारपणाचा पाचवा दिवस. विभागणाऱ्या पेशी तपकिरी रंगल्या होत्या. पण त्यांचा दाट पुंजका ग्रंथीत नव्हताच. तो शेजारच्या लसीकागाठीत होता, जिथे पेशी एरवीही विभागतच असतात.

जांघेतल्या ग्रंथीत ही गाठ असते आणि मोजताना ती वगळायची असते, हे पहिल्या वर्षाच्या मुलींनाही ठाऊक. नऊ वर्षांपूर्वी तिने काचा संगणकाकडे सोपवल्या आणि आलेला आकडा डोळे मिटून घेतला. पाचव्या दिवशी पेशींची वाढ एकाएकी उसळी घेते, या शोधावर तिला रियेका शहरात स्वतःची प्रयोगशाळा मिळाली. आज त्रिएस्तच्या संशोधकांचं पत्र आलं, आम्हाला ही उसळी दिसत नाही, म्हणून तिने जुन्या काचा काढल्या होत्या.

प्रयोगशाळेतली तिची मदतनीस तेना, तिलाही ती उसळी दिसली नव्हती. बिचारी डोळ्यांनी एकेक पेशी मोजायची. नेवेंकाने तिला चार वेळा पुन्हा मोजायला लावलं, नजर कच्ची आहे म्हणून चारचौघांत पाणउतारा केला. मग तेना यायचीच बंद झाली. आता ती बंदराजवळच्या औषधांच्या दुकानात होती.

नेवेंका तशीच निघाली. दुकानात रांग होती. ती तडक काउंटरशी गेली.

“बाई, रांगेत उभं राहून गुडघे आमचेही दुखतात,” मागून एक म्हातारा म्हणाला.

ती मुकाट्याने मागे जाऊन उभी राहिली. नंबर येईपर्यंत तिने मनात बरंच काही जुळवलं. तोंडातून थोडकंच निघालं.

“तेना, तुझे आकडे बरोबर होते. मी गाठ मोजली होती.”

तेनाने हातातली खोकी खाली ठेवली.

“ठाऊक आहे, मॅडम.”

“मग तेव्हा बोलली का नाहीस?”

“बोलले होते की. बैठकीत, सगळ्यांसमोर. गाठ मोजली गेली असेल का, असं विचारलं होतं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर नेवेंकाला बरं वाटलं असतं. शोध मागे घेते, तो छापणाऱ्या मासिकाला आजच पत्र लिहिते, असं ती भराभर सांगत राहिली. तेनाने मान हलवली आणि मागच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी घ्यायला हात पुढे केला.

बाहेर पायरीवर नेवेंका थांबली. ती बैठक तिला आठवेना. तेनाचा प्रश्न आठवेना, स्वतःचं उत्तर आठवेना. मग हळूहळू एवढंच आठवलं, की त्यावर ती स्वतःच हसली होती. आणि ती हसली म्हणून सगळे हसले होते.